गोलकीपरच्या मागे कुणी नसतं

स्ट्रायकरकडे गोल साठतात, गोलकीपरकडे किस्से. कारण सोपं आहे. मॅचमधला निम्म्याहून जास्त वेळ आम्हाला उभं राहण्यापलीकडे काम नसतं, आणि नुसत्या उभ्या राहिलेल्या माणसाला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, वर ते लक्षातही राहतं. एकोणीस-वीस वर्षं मी अशी उभी आहे. तेव्हा विचार करा, किती साठलं असेल.

आज सोमवार. संध्याकाळी सहापर्यंत क्लबच्या मॅनेजरला फोन करून एवढंच सांगायचंय, की अजून एक सीझन खेळते की थांबते. खेळते म्हणाले तर कागद पाठवतील, थांबते म्हणाले तर ग्रुपवर निरोपाचा मेसेज टाकतील, फुलांच्या चित्रासकट. मी तेहतीस वर्षांची आहे. उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही, डाव्या हाताचं मधलं बोट वाकत नाही, आणि उजवा खांदा... त्याचं पुढे येईलच. बीडजवळ पालीला घरी, दारातल्या बाजेवर पडलेय. मोबाईल उशाशी आहे. माय मघापासून दोनदा बाहेर येऊन काही न विचारता आत गेली.

खरं सांगायचं तर दमलेय. म्हटलं, फोन करण्याआधी तुम्हाला थोडे किस्से सांगावेत. तेवढाच फोन लांबेल.

* * *

आमच्या घरात मेंढरं. आण्णा, म्हणजे माझे वडील, बिंदुसरेच्या धरणाकडच्या पडीक रानात मेंढरं बसवायचे. दिवस कलला की ती कोंडायला सुतळीच्या जाळीचं कुंपण ठोकायचं. त्या जाळीला आमच्याकडे वाघर म्हणतात. आमची वाघर आजोबांच्या वेळची, ठिकठिकाणी फाटून गाठी मारलेली, त्यामुळे कायम दोन-तीन हात कमी पडायची. आण्णांचा नियम असा, की जाळी कमी पडली तर तिथं माणूस उभा करायचा. तो माणूस म्हणजे मी.

मी फटीत उभी, हात पसरून. आण्णा माझ्या मागे दहा पावलांवर, काठी घेऊन. माझ्या हातून एखादं सुटलं तर ते आण्णा वळवणार. मला ताकीद एकच होती.

"सुटलं तर सुटू दे. मागं वळून बगू नको. तू वळलीस की धा सुटत्यात. मागं मी हाय."

आठवीत असताना मी आठ दिवस शाळेत गेले नाही म्हणून आमचे पीटीचे डोंगरे सर मोटरसायकल घेऊन थेट रानात आले. ते पोचले तेव्हा एक दांडगा मेंढा माझ्या अंगावर धावून येत होता. मी त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि आम्ही दोघं धुळीत आडवे झालो. मेंढा आतच राहिला. सर गैरहजेरीचं विसरूनच गेले.

आण्णांना म्हणाले, "पोरीला फुटबॉलमध्ये घालतो. बीडला प्रॅक्टिसला न्यावं लागेल."

"काय करायचं असतंय तितं?"

"दारात उभं राहायचं. कुणाला आत येऊ द्यायचं नाही."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मेंढरांकडे बघितलं आणि म्हणाले, "ते तर ती हितंबी करतीया. त्याच्यासाठी बीडला कावून जायचं?"

माय रानातल्या चुलीपाशी भाकरी करत होती, ती तिथूनच म्हणाली, "तितं शेण काढावं लागत न्हाई, म्हून."

मी दुसऱ्या दिवशी बीडला गेले.

* * *

पहिली मॅच. समोर गेवराईकडची एक शाळा. पाचव्याच मिनिटाला बॉल माझ्या दोन पायांमधून गेला.

मी हलले नाही. नजर समोर, हात पसरलेले, पुढचा कोण येतोय त्याची वाट बघत. पुढचं कुणी येईना. दोन्ही टीमच्या पोरी माझ्याकडे बघत उभ्या. सर कडेवरून ओरडले, "मंगल, बॉल!"

"सुटला, सर."

"सुटला ते दिसलं. आण की आता!"

मला कळेना, हे मला का सांगतायत. मी म्हटलं, "मागचा माणूस आणंल की."

रेफरीने शिट्टी तोंडातून काढली. सर मैदानात आले, गोलपोस्टला हात टेकून उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गोलकीपरच्या मागं कुणी नसतं, बाई. ज्याचं त्यानं आणायचं."

त्या दिवशी मी पाच गोल खाल्ले. शेवटचा गोल झाल्यावर पहिल्यांदा नीट मागे वळून बघितलं. जाळी होती, जाळीपलीकडे लिंबाचं झाड होतं, त्याखाली एक बाई भुईमुगाच्या शेंगा विकत होती. पाच गोलांचं मला एवढं काही वाटलं नाही, पण मागे खरंच कुणी नाही याचं फार वाईट वाटलं. घरी आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "असं कसं? मंग सुटलेलं कोण वळवतंय?"

मान न वळवायची सवय मात्र राहिली. पुढे क्लबमध्ये आमच्या कोचने सगळ्या टीमसमोर माझं उदाहरण दिलं, की बघा, गोल खाल्ला तरी मंगल मागे बघत नाही, नजर पुढच्या बॉलवर, याला म्हणतात मेंटल स्ट्रेंग्थ. त्यावर त्यांनी अर्धा तास लेक्चर दिलं. ही विद्या मेंढरांची आहे हे मी सांगितलं नाही.

* * *

तेवीस-चोवीसची असताना उमापूरहून पाहुणे मला बघायला आले. बोलणं सगळं मुलाचे चुलते करत होते. मुलगा बशीतल्या पोह्यांकडे बघत बसला होता.

"काय करती पोरगी?"

"खेळती," आण्णा म्हणाले. "फुटबॉल."

चुलत्यांचा चेहरा पडला. "म्हंजे चड्डीवर पळत्यात ते?"

"धा जणी पळत्यात. ही न्हाई पळत. ही एका जागी उभी ऱ्हाती."

चुलत्यांनी हे दोन-तीनदा मनात फिरवलं असावं. मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते आपल्या माणसांना म्हणाले, "मंग बरंय की. पळणारी न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या खेळाचं एवढं कौतुक आमच्या भागात त्याआधी कुणी केलं नव्हतं.

मग मुलाच्या आईची नजर माझ्या वाकड्या करंगळीवर गेली. "भाकर येती का थापता?" मी थापून दाखवली. माझ्या भाकरीला कडेला एक खाच पडते, करंगळी टेकते तिथं. माय लगेच म्हणाली, "तेवढी खूण हाय. जत्रंत जरी ठिवली तरी आमची भाकर वळखू येती."

सगळं जमत आलं होतं. शेवटी अट निघाली, लग्नानंतर खेळ बंद. चुलते मोठ्या मनाने म्हणाले, "दारातच उभं ऱ्हायचं ना? मंग आमच्या दारात ऱ्हाईल की. आमचं दार काय बारकं हाय?"

आण्णा सुपारी कातरत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "तुमच्या दारानं एवढं कोण घुसतंय, अडवायला?"

पाहुणे चहा न घेता गेले. त्यानंतर स्थळं कमी होत गेली आणि मग यायची थांबली. याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण आण्णांचं ते वाक्य आठवलं की अजून हसू येतं, आणि हसून झालं की वाटतं, या माणसाने मला एकदाही खेळताना बघितलेलं नाही.

* * *

क्लब इथून खूप लांब, दक्षिणेकडे. ट्रेन बदलून दीड दिवस लागतो. अकरा पोरी आणि सहा भाषा. गोलकीपरचं अर्धं काम ओरडायचं असतं, कारण समोरचं सगळं मैदान फक्त तिला दिसतं. सुरुवातीला मी हिंदीत ओरडायचे. पण बॉल अंगावर येत असताना हिंदी आठवेपर्यंत गोल होतो. मग तोंडातून तेच निघायला लागलं, जे ओरडून मी मेंढरं हाकली होती. आडव! वळव! सरक मागं!

माझ्यापुढे डिफेन्सला मणिपूरची तोंबी असायची. दोन महिन्यांत तिला सगळं पाठ झालं. नुसतं पाठ नाही, तसंच्या तसं म्हणायचीसुद्धा, पालीच्या हेलात. जेवणाच्या लाइनीत कुणी मध्ये घुसलं तर ती मागून ओरडायची, "आडव गं तिला!"

तिसऱ्या वर्षी तोंबी दुसऱ्या क्लबात गेली आणि त्यांच्याशी आमची मॅच लागली. त्यांना कॉर्नर मिळाला. माझ्यासमोर ही गर्दी. बॉल हवेत, आणि माझ्या कानामागे एकदम आवाज आला, "मंगल, डाव्या अंगाला वळव!"

त्या बोलीत, त्या हेलात कुणी सांगितलं की मी विचार करत नाही. मी हात पसरून दोन पावलं डावीकडे सरकले. बॉल उजवीकडून आत गेला.

रेफरीने गोल दिला. त्याच्या दृष्टीने मणिपूरची पोरगी मणिपुरीत काहीतरी बोलली होती.

मॅच संपल्यावर तोंबी आली, दोन्ही कान धरून म्हणाली, "सॉरी ताई. कोचने सांगितलं होतं." मी तिच्यावर रागावले नाही. पाठीत एक धपका घातला, आम्ही एकत्र जेवलो. फक्त झोपताना वाटलं, सात-आठ महिन्यांनी कुणीतरी आपल्या बोलीत आपलं नाव घेतलं, आणि तेही गोल घालायला.

* * *

मधे एकदा बीडला माझा सत्कार झाला. एका पुढाऱ्यांचा वाढदिवस होता, त्यात शेतकरी, पैलवान, दहावीतली हुशार मुलं यांच्याबरोबर मीही होते. आण्णांना गाडी पाठवतो म्हणाले. आण्णा म्हणाले, "मेंढरं कुणावर सोडू?" त्यांचं हे कारण बारा महिने चालतं.

साहेबांनी भाषण केलं. "मंगलताईंनी आजवर शेकडो गोल केले, यापुढंही त्यांनी असेच हजारो गोल करावेत."

मी आयुष्यात एकही गोल केलेला नाही. डोंगरे सर शेजारीच बसले होते, कानात म्हणाले, "सांगू का त्यांना?" मी म्हटलं, "राहू द्या सर, वाढदिवस आहे."

मग शाल, मग फेटा, मग नारळ. साहेबांच्या हातातून नारळ शालीवरून घसरला. मी वाकून, जमिनीपासून वीतभर वर, डाव्या हाताने तो पकडला. आख्ख्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. माझ्या जिल्ह्यात मला मिळालेल्या त्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. साहेब माईकवर म्हणाले, "बघा! ह्या क्रिकेटमदी गेल्या असत्या तर कुठल्या कुठं गेल्या असत्या!"

आणि त्याच भरात त्यांनी पालीच्या शाळेच्या मैदानाला दोन गोलांच्या दोन जाळ्या जाहीर केल्या. त्यातली एक आली.

* * *

आता खांदा.

दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिसला उजव्या बाजूला पडले आणि आत काहीतरी सरकलं. तेव्हापासून हात कानाच्या वर जात नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की बेंचवर बसवणार, आणि या वयात बेंचवर बसलेली पोरगी तिथून घरीच जाते. फिजिओने हात वर करायला सांगितले की मी केस बांधायचं नाटक करायचे. हात वर नेण्याऐवजी डोकं खाली आणलं की काम भागतं. उजवीकडे उंच बॉल आला तर दोन पावलं आधीच तिकडे सरकून राहायचं. लोकांना वाटायचं, काय अनुभव आहे बाईचा.

हॉस्टेलला माझ्या खोलीत लिन्सी होती. केरळची, एकोणीस वर्षांची, आमची दोन नंबरची गोलकीपर. म्हणजे मी बसले की खेळणार ती. आमच्या दोघींत एक कपाट. मी माझं सगळं सामान खालच्या दोन कप्प्यांत कोंबलं होतं. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, वरच्या कप्प्यात काहीच का ठेवत नाही?"

"उंदीर आहेत वर."

तिनेही मग वर काही ठेवलं नाही. वर्षभर दोघींनी दोन कप्प्यांत संसार केला. तिची बिस्किटं माझ्या ग्लव्हजमध्ये, माझे मोजे तिच्या पुस्तकांवर. ती बेंचवर बसायची, मी खेळायचे.

सीझन संपला त्या दिवशी सामान बांधताना ती म्हणाली, "ताई, वर्षभरात मला एकही उंदीर दिसला नाही."

मी बॅगची चेन लावत राहिले.

"कोचला मी काही बोलले नाही," ती म्हणाली. मग फडकं घेतलं आणि स्टुलावर न चढता, दोन्ही हात सरळ वर नेऊन, वरच्या कप्प्यातली धूळ पुसून काढली.

मला त्या पोरीसमोर लाज वाटली. अजून वाटते. मॅनेजरच्या फोनला उत्तर द्यायला मी इतके दिवस लावतेय त्याला खांदा जेवढा कारण आहे, तेवढीच तीही आहे.

* * *

आमच्या मॅचेस हल्ली मोबाईलवर दिसतात. माय त्या लावून बसते. तिला खेळ कळत नाही, पण मी पडले की ती मोबाईलवर हात फिरवते म्हणे. आण्णा मात्र दहा मिनिटांत उठायचे. "हिच्याकडं कॅमेराच येत न्हाई."

बरोबरच आहे. कॅमेरा बॉलमागे असतो. बॉल लांब असला की गोलकीपर कुणाला दिसत नाही.

एका मॅचनंतर आण्णांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, मला वाटलं घरी काही झालं. म्हणाले, "आज पुरी बगितली म्यॅच. तू दोनदाच दिसलीस."

"मग?"

"तू दिसली की तितं काहीतरी इपरीत झालेलं असतंय. आज जास्त दिसली न्हाईस. म्हंजे लई चांगलं चाललं व्हतं तुजं."

एवढ्या वर्षांत माझ्या खेळावर मी बरंच ऐकलंय आणि थोडंफार वाचलंय. हे मी लिहून ठेवलंय. पण त्याच फोनवर मी म्हटलं, "एकदा या की आण्णा, समोर बसून बघा." तर पलीकडून तेच, मेंढरं कुणावर सोडू.

* * *

आणि हा कालचा.

डोंगरे सर आता रिटायर झालेत. त्यांनी रविवारी पालीच्या शाळेच्या मैदानावर मॅच ठेवली, आताच्या मुली विरुद्ध त्यांच्या जुन्या मुली. जुन्या म्हणजे आम्ही. एक पोलिसात, दोघी अंगणवाडीत. शोभा नेकनूरला दिलीय, ती सासूला हळदीकुंकवाला जाते सांगून बसने आली होती आणि शेवटपर्यंत साडीची पिशवी सोडत नव्हती. मी मनाशी ठरवलं होतं की ही माझी शेवटची मॅच. सोमवारी फोन करून नाही म्हणायचं, आणि ग्लव्हज सरांकडे पोरींसाठी ठेवून जायचं. हे कुणाला बोलले नव्हते, मायलासुद्धा नाही.

मेंढरं शाळेच्या मागच्याच रानात बसली होती, त्यामुळे आण्णांना काल सबब उरली नाही. सर स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. स्टेजवर साहेबांच्या माणसांशेजारी खुर्चीत बसवलं. आण्णा काठी मांडीवर आडवी घेऊन बसले.

जाळी एकच. ती सरांनी स्टेजसमोरच्या गोलाला लावली होती. पलीकडचा गोल नुसते तीन दांडे, आणि त्यामागे उतार. बॉल सुटला की सरळ ओढ्यात जातो. आण्णा म्हणाले, "माजी वाघर हाय की. आणतो." साहेबांचा एक माणूस हसून म्हणाला, "आबा, ते फोटोत बरं दिसत न्हाई."

पहिला हाफ मी जाळीच्या बाजूला होते. गोल झाला नाही. दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या, मी त्या उघड्या गोलात गेले. ग्लव्हज नीट करून वर बघते तर आण्णांची खुर्ची रिकामी. ते मैदानाच्या कडेकडेने, धोतर सावरत, माझ्याच दिशेला येत होते. गोलाच्या मागे दहा पावलं गेले आणि काठी टेकून उभे राहिले.

रेफरी म्हणून नेकनूरचे एक तरुण सर होते. ते पळत आले. "बाबा, इथं उभं राहता येत नाही."

"जाळी लावा, मी जातो," आण्णा म्हणाले.

रेफरीने डोंगरे सरांकडे बघितलं. सरांनी लांबूनच हात केला, राहू द्या.

वीसेक मिनिटं काही झालं नाही. मग त्यांची नववीतली एक पोरगी, बारीक, दोन वेण्यांची, आमच्या पोलिसाला चकवून एकटी समोर आली. तिने वर बघितलं आणि मी ओळखलं की ही माझ्या उजवीकडे, वर मारणार. दोन पावलं सरकायला वेळ नव्हता. मी झेप घेतली. अंग गेलं, हात गेला नाही. बॉल हाताच्या अगदी वरून गेला. मागे काठीचा टप् असा आवाज आला.

मी उठून उभी राहिले. नजर समोर. मागे बघितलं नाही.

समोर भांडण लागलं होतं. जाळी नाही, रेफरी लांब. बॉल दांड्याच्या आतून गेला की बाहेरून, कुणालाच नक्की सांगता येईना. पोरी ओरडत होत्या गोल, आमची शोभा साडीची पिशवी नाचवत ओरडत होती बाहेर. रेफरीने मला विचारलं. मी पडलेली होते, मला खरंच दिसलं नव्हतं. शेवटी ते माझ्या शेजारून मागे गेले.

"बाबा, तुम्हीच सांगा. आतून गेला का बाहेरून?"

माझी पाठ त्यांच्याकडे होती. चाळीस वर्षं रानात कुणाचं मेंढरू कुणाच्यात गेलं यावरून भांडण झालं की लोक आण्णांना विचारायला येतात, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

"आतनं गेला," आण्णा म्हणाले. "हिच्या उजव्या हाताच्या वरनं."

शिट्टी वाजली. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शोभा मला म्हणाली, "तुजा बाप हाय का त्यांचा?"

आण्णांनी काठीने बॉल ढकलत माझ्या पायापाशी आणला आणि माझ्या अगदी शेजारी थांबले. समोर बघत, हळू आवाजात विचारलं, "हात वर जात न्हाई तुजा. कवापासनं?"

"दोन वर्षं झाली, आण्णा."

"डागदराला ठावं हाय?"

"नाही. कुणालाच नाही."

त्यांनी थोडा वेळ माझ्या खांद्याकडे बघितलं. मग डोक्यावरचा पटका नीट केला आणि परत मागे जाता जाता म्हणाले, "मंग आता मी जरा उजव्या अंगाला उभा ऱ्हातो."

मॅचची अजून दहा-बारा मिनिटं बाकी होती. मागे काठी टेकल्याचा आवाज आला, आधीपेक्षा चार पावलं उजवीकडून. मी वळून बघितलं नाही.